आग विझवणाऱ्या पाण्याचा हिशोब

कारखान्यातल्या आगीवर मारलेल्या पाण्याचा काही भाग वाफ होऊन हवेत जातो. उरलेले पाणी जमिनीवर उतरते. फुटलेल्या पिंपांतले रसायन, जळक्या मालाची राख, काजळी आणि फोमचे द्रावण सोबत घेऊन ते उताराच्या दिशेने निघते. बहुतेक कारखान्यांत हा उतार पावसाळी गटाराकडे असतो, गटार नाल्याला मिळते आणि नाला नदीला किंवा खाडीला. हे पाणी आवारातच अडवणे, साठवणे, तपासणे आणि मगच त्याची विल्हेवाट लावणे हा औद्योगिक सुरक्षेतला स्वतंत्र विषय आहे. आपल्याकडे मात्र, रासायनिक कारखान्यांच्या वसाहतींतही, त्याला अजून दुय्यम स्थान आहे.

हे दुय्यम स्थान काही ठरावीक युक्तिवादांवर टिकून आहे. आग लागलेली असताना माणसे वाचवायची की पाणी अडवत बसायचे, असे विचारले जाते. नदीत गेलेले पाणी पातळ होऊन जाते, टाक्यांभोवती डाइक, म्हणजे द्रव अडवणाऱ्या भिंती, असतातच, सांडपाणी प्रक्रिया केंद्रही असते, असे सांगितले जाते. वेगळे तळे बांधायला जागा नाही, आणि नुकसान झालेच तर भरपाईचे कायदे आहेत, असा शेवट होतो. हे सगळे ऐकायला व्यवहारी वाटते. प्रत्यक्षात घडलेल्या दुर्घटनांशी ताडून पाहिले, की यातले एकही विधान पूर्णपणे टिकत नाही.

या विषयाची सुरुवात जगभर एकाच घटनेपासून मोजली जाते. स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराजवळ श्वाइत्सरहाल येथे सँडोज कंपनीचा कारखाना ऱ्हाइन नदीच्या काठी होता. १ नोव्हेंबर १९८६ रोजी मध्यरात्रीनंतर त्याच्या ९५६ क्रमांकाच्या गोदामाला आग लागली. आत सुमारे १,३५० टन रसायने होती, त्यांत मुख्यतः शेतीची कीटकनाशके. अग्निशमन दलाने काही तासांत आग आटोक्यात आणली, शेजारच्या इमारती वाचवल्या, आणि त्या अर्थाने काम चोख केले. परंतु गोदामाभोवती पाणी अडवण्याची पुरेशी सोय नव्हती. १० ते १५ हजार घनमीटर पाणी कारखान्याच्या गटारांतून थेट ऱ्हाइनमध्ये गेले. त्यासोबत डायसल्फोटॉन, थायोमेटॉन यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके आणि पाऱ्याचे संयुग असलेले बुरशीनाशक गेले. नदीत गेलेल्या विषाचा अंदाज १० ते ३० टनांचा आहे. गोदामात ठेवलेल्या रोडामिन रंगामुळे नदी लाल झाली. बाझलपासून खाली सुमारे ४०० किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले, त्यांची संख्या सुमारे दीड लाख सांगितली जाते. जर्मनीपासून नेदरलँड्सपर्यंत पाणीपुरवठा केंद्रांना नदीतून पाणी उचलणे थांबवावे लागले.

या घटनेची सर्वांत अस्वस्थ करणारी बाजू अशी की धोका आधीच लक्षात आला होता. आगीच्या पाच वर्षे आधी एका विमा कंपनीच्या तपासनिसांनी या गोदामांची पाहणी केली होती, आणि आग विझवताना वापरलेले पाणी अडवण्याची सोय नसल्यामुळे ते ऱ्हाइनमध्ये जाऊ शकते, असे लेखी नोंदवले होते. म्हणजे १९८६ मध्ये जे घडले ते अकल्पित नव्हते. ज्ञान होते, कागद होता, तळे मात्र नव्हते.

पातळ होण्याचा युक्तिवाद सर्वांत जुना आहे आणि सर्वांत सहज मान्य होणाराही. त्याची तपासणी ऱ्हाइनवरच करता येते. बाझलजवळ ऱ्हाइनचा सरासरी प्रवाह सेकंदाला सुमारे १,००० घनमीटर आहे. १५ हजार घनमीटर पाणी म्हणजे त्या नदीचा जेमतेम १५ सेकंदांचा प्रवाह. युरोपातल्या मोठ्या नद्यांपैकी एका नदीत, तिच्या १५ सेकंदांइतके पाणी काही तासांत मिसळले, आणि ४०० किलोमीटरचे मासे मेले. ३० टन विष नदीच्या संपूर्ण एका दिवसाच्या पाण्यात, म्हणजे सुमारे ८.६ कोटी घनमीटरमध्ये, अगदी एकसारखे मिसळले असे धरले, तरी लिटरला ०.३५ मिलीग्रॅम इतकी मात्रा उरते. अंदाजाचे खालचे टोक घेतले तरी ती ०.१ मिलीग्रॅमच्या वरच राहते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांतली अनेक रसायने पाण्यातल्या बारीक कवचधारी जीवांना लिटरला काही मायक्रोग्रॅम इतक्या मात्रेत मारतात. शिवाय प्रत्यक्षात विष एकसारखे मिसळत नाही. ते एका लांब लोंढ्याच्या रूपात सरकते, आणि लोंढ्याच्या मध्यभागी मात्रा सरासरीच्या कितीतरी पट असते. पातळ होणे खरे असते, पण कशाच्या तुलनेत पातळ, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

चीनमधल्या चिलिन शहरात १३ नोव्हेंबर २००५ रोजी पेट्रोकेमिकल कारखान्यात स्फोट झाले. बेंझीन आणि नायट्रोबेंझीन वर्गातली सुमारे १०० टन रसायने, आग विझवण्याच्या पाण्याबरोबर, सोंगहुआ नदीत गेली. सोंगहुआ ही लहान नदी नव्हे. तरीही खाली कित्येकशे किलोमीटरवर असलेल्या हार्बिन या लाखो वस्तीच्या शहराचा नळपुरवठा सुमारे चार दिवस बंद ठेवावा लागला, आणि प्रदूषणाचा लोंढा पुढे आमूर नदीतून रशियात पोहोचला. स्फोट एका शहरात झाला आणि तहान दुसऱ्या शहराच्या वाट्याला आली.

महाराष्ट्रातल्या रासायनिक वसाहती ज्या नद्यांवर आहेत, त्यांची ऱ्हाइनशी तुलनाच होत नाही. महाड सावित्रीवर आहे, रोहा–धाटाव कुंडलिकेवर, रसायनी पाताळगंगेवर, लोटे–परशुरामचा निचरा दाभोळच्या खाडीकडे. सह्याद्रीवरून उतरून थोडक्या अंतरात समुद्राला मिळणाऱ्या या नद्या पावसाळ्यात रोरावतात आणि उन्हाळ्यात खडकांमधून वाट काढतात. पाताळगंगेत आणि कुंडलिकेत कोरड्या महिन्यांत जे पाणी दिसते, त्याचा मोठा भाग खोपोली आणि भिरा येथील वीजनिर्मिती केंद्रांतून सुटलेला असतो. म्हणजे एप्रिलमधल्या एखाद्या रात्री आग लागली तर विष किती पातळ होईल, हे त्या वेळी टर्बाइन चालू आहे की बंद, यावर ठरेल. यापेक्षा डळमळीत आधार कल्पिता येणार नाही. आणि पाणी खाडीत पोहोचल्यावर समुद्रात निघून जाते, हेही अर्धेच खरे आहे. भरती येते, ओहोटीबरोबर खाली गेलेले पाणी पुन्हा वर ढकलले जाते, आणि काही दिवस ते खाडीतच ये-जा करते. त्या दिवसांत जाळी टाकणारे कोळी आणि भोई, चिखलात शिंपल्या वेचणाऱ्या बाया, हे या पाण्याचे पहिले साक्षीदार आणि पहिले बळी ठरतात. कारखान्याच्या सुरक्षा आराखड्यात त्यांची नोंद कुठे नसते.

पाणी नदीत गेले नाही आणि जमिनीत मुरले, तरी सुटका होत नाही. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये भूजल मुख्यतः भेगांतून आणि सांध्यांतून वाहते. वाळूच्या थरात जसे पाणी हळूहळू गाळले जाते, तसे इथे होत नाही. जवळच्या विहिरीपर्यंत दूषित पाणी कोणत्या भेगेतून आणि किती दिवसांत पोहोचेल, हे आधी सांगणे अवघड असते, आणि एकदा पोहोचल्यावर ते काढणे त्याहून अवघड.

दुसरा युक्तिवाद डाइकचा. टाकी फुटली तर आतले द्रव बाहेर पसरू नये म्हणून टाक्यांभोवती भिंत बांधतात. ही भिंत आवश्यक आहे, पण तिची क्षमता आतल्या सर्वांत मोठ्या टाकीतल्या मालावरून ठरते. आगीच्या वेळी त्याच जागेत माल आणि पाणी दोन्ही उतरतात. साधे गणित असे: ४० मीटर व्यासाची आणि १५ मीटर उंचीची टाकी घेतली तर तिच्या बाहेरच्या भिंतीचे क्षेत्रफळ सुमारे १,८८५ चौरस मीटर होते. तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाच्या मानकांनुसार अशी टाकी थंड ठेवण्यासाठी दर चौरस मीटरला मिनिटाला ३ लिटर पाणी मारायचे असते. म्हणजे मिनिटाला साडेपाच हजारांहून अधिक लिटर, आणि चार तासांत सुमारे १,३५० घनमीटर. दहा हजार लिटरच्या टँकरने उचलायचे तर १३५ खेपा. हे एकाच टाकीला थंड ठेवण्याचे पाणी आहे. शेजारच्या टाक्या, फोमचे द्रावण आणि पाऊस यांचा हिशोब वेगळा. थंड करण्यासाठी मारलेल्या पाण्याचा फारच थोडा भाग वाफ होतो, बाकीचे टाकीवरून ओघळून डाइकमध्येच साचते.

डाइक भरू लागल्यावर काय होते, हे इंग्लंडमधल्या बन्सफील्ड तेलसाठ्याने दाखवले. ११ डिसेंबर २००५ रोजी तिथे स्फोट होऊन वीसहून अधिक टाक्या पेटल्या. आग विझवण्यासाठी एकूण सुमारे ६.८ कोटी लिटर पाणी आणि ७ लाख ८६ हजार लिटर फोमचे मूळ द्रावण वापरले गेले. टाक्यांभोवतीच्या काँक्रीटच्या भिंती कागदावर भक्कम होत्या. आगीच्या उष्णतेने त्यांच्या सांध्यांतले भरण जळाले, पाइप जिथून भिंतीतून जात होते तिथल्या फटी उघड्या पडल्या, बांधकामाच्या वेळी राहिलेली बोल्टची भोके गळू लागली. इंधन आणि फोममिश्रित पाणी बाहेर आले आणि खालच्या चुनखडीच्या थरातल्या भूजलापर्यंत पोहोचले. त्यात फोममधला पीएफओएस हा न विघटणारा पदार्थही सापडला. अमेरिकेत टेक्सासमधल्या डीअर पार्क येथे मार्च २०१९ मध्ये टाक्यांची आग काही दिवस चालली, आणि २२ मार्चला डाइकची भिंतच खचून पाणी, फोम आणि पेट्रोकेमिकल यांचे मिश्रण ह्यूस्टनच्या जहाजी कालव्यात गेले. कालव्याचा काही भाग वाहतुकीला बंद करावा लागला. डाइक ही द्रव अडवण्याची पहिली भिंत आहे. तिच्या पलीकडे दुसरी सोय लागते, हे या दोन्ही घटनांनी निर्विवाद सिद्ध केले.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पावसाचे पाणी काढून देण्यासाठी प्रत्येक डाइकला व्हॉल्व्ह असतो. तो नेहमी बंद असावा आणि पाणी पाहून मगच उघडावा, असा नियम आहे. पावसाळ्यात रोज कोण उघड-बंद करणार म्हणून तो उघडाच ठेवण्याची सवय जिथे जिथे आहे, तिथे डाइक असूनही नसल्यासारखा आहे.

सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा भरवसाही असाच पोकळ आहे. कारखान्याचे ईटीपी किंवा वसाहतीचे सीईटीपी रोजच्या ठरलेल्या प्रवाहासाठी आणि ठरलेल्या भारासाठी बांधलेले असते. त्याच्या टाक्यांतले जिवाणू महिनोन्महिने एका विशिष्ट सांडपाण्याला सरावलेले असतात. आगीच्या रात्री तिथे एकदम कित्येक पट पाणी येते, त्यात कीटकनाशक, द्रावक किंवा आम्ल असते आणि फोम असतो. फोम निरुपद्रवी साबण असल्याचा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात तीन टक्क्यांच्या द्रावणातही त्याचा सीओडी, म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणी, लिटरला हजारो मिलीग्रॅम असतो, म्हणजे तो पाण्यातला ऑक्सिजन झपाट्याने संपवतो. वायुवीजनाच्या टाकीत तो आला की फेस उफाळून जिवाणूंचा गाळच बाहेर वाहून जातो. एका कारखान्याच्या आगीने वसाहतीतल्या सगळ्यांचे सीईटीपी आठवडेच्या आठवडे बसून राहू शकते, आणि त्या काळात इतर कारखान्यांचे सांडपाणी कुठे जाते, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. शिवाय आगीच्या वेळी पहिली खबरदारी म्हणून वीज तोडली जाते. पंपावर चालणारे केंद्र नेमके गरजेच्या क्षणी थांबते. प्रक्रिया केंद्राचा उपयोग आहे, पण नंतर, साठवलेले आणि तपासलेले पाणी थोडे थोडे सोडण्यासाठी.

फोमबद्दल इथेच एक गोष्ट नोंदवायला हवी. फोममध्ये वापरलेली फ्लोरीनयुक्त रसायने, पीएफओएस २००९ मध्ये आणि पीएफओए २०१९ मध्ये, टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत आली. फ्लोरीनविरहित फोम आता उपलब्ध आहेत, आणि ते वापरात आणणे योग्यच आहे. पण फ्लोरीन नसलेला फोमही ऑक्सिजन खातोच, आणि जळणाऱ्या मालाचे विष तर पाण्यात असतेच. फोम बदलला म्हणून पाणी अडवण्याची गरज संपत नाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोव्हेंबर २०२३ मध्ये एका औषधी रसायनांच्या कारखान्यातल्या स्फोटात आणि आगीत ११ कामगार गेले. डोंबिवलीत मे २०१६ मध्ये १२ जण गेले, मे २०२४ मध्ये पुन्हा त्याच वसाहतीत स्फोट होऊन माणसे दगावली. अशा वेळी नाल्याची चिंता करणे अमानुष आहे, असे म्हटले जाते. या म्हणण्यामागची कळकळ खरी आहे आणि तिचा आदर करायलाच हवा. माणसाचा जीव पहिला, यात वाद नाही. परंतु या म्हणण्यात दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या जातात, आणि त्या मुळात तशा नाहीत.

आग विझवणारा जवान याच पाण्यात उभा असतो. बूट बुडतील इतक्या द्रावकमिश्रित, आम्लयुक्त पाण्यात तो तासन्‌तास होज धरून असतो. पाण्यावर तरंगणारे जळते द्रव उताराने वाहत पुढच्या गोदामाकडे किंवा अग्निशमन गाडीकडेच येऊ शकते. ज्वलनशील द्रव गटारात शिरले तर त्याची वाफ गटारातून दूर जाऊन दुसरीकडे पेट घेऊ शकते. म्हणून पाणी कुठे जाईल हे ठरवणे हा अग्निशमनाचाच भाग आहे. नियोजित उतार, ज्वाळा अडवणारे पाण्याचे सापळे आणि लांबवर असलेले साठवण तळे ही व्यवस्था असेल तर जळते द्रव जवानांच्या पायाखालून दूर नेता येते. जिथे पाणी फक्त डाइकमध्ये अडवले जाते, तिथे जळत्या तेलाची पातळी वाढून ते भिंतीवरून सांडण्याचा धोका असतो, हा अग्निशमन अधिकाऱ्यांचा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर अडवणे सोडून देणे हे नसून आगीपासून लांब अडवणे हे आहे.

दुसरे असे की आगीच्या क्षणी निवड करावी लागते, ती आधी काही केलेले नसते म्हणून. गटाराच्या शेवटच्या तोंडाशी बंद होणारा गेट असेल, तो धोक्याच्या जागेपासून दूर असेल, वीज गेली तरी हाताने किंवा वजनाने बंद होत असेल, आणि तो बंद करण्याचे काम कारखान्यातल्या प्रत्येक पाळीत एका ठरलेल्या माणसाकडे असेल, तर त्यासाठी एकही जवान बचावकार्यातून काढावा लागत नाही. आगीचा भोंगा वाजल्यावर पहिल्या मिनिटांत होणारे हे काम आहे. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनुसार मोठ्या धोक्याच्या कारखान्यांना दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल घ्यावी लागते. त्या ड्रिलमध्ये भोंगा वाजतो, माणसे जमतात, होज ओढले जातात. गटाराचा गेट बंद करून तो खरोखर पाणी अडवतो का, हे पाहणेही त्याच ड्रिलमध्ये बसते.

काही वेळा पाणी कमी मारणे हाही योग्य निर्णय असतो. आसपास माणसे नाहीत, आग पसरण्याची शक्यता नाही आणि धूर वस्तीकडे जात नाही, अशा स्थितीत आतला माल नियंत्रणाखाली जळू देणे आणि फक्त शेजारच्या इमारती थंड ठेवणे, हा मार्ग अनेक देशांच्या मार्गदर्शनांत मान्य आहे. जयपूरजवळ सीतापुरा येथील तेलसाठ्यात ऑक्टोबर २००९ मध्ये लागलेली आग अखेर माल जळून संपेपर्यंत जळू दिली गेली, ती अकरा दिवस चालली. तिथे तो पर्याय पाण्याच्या काळजीने घेतलेला नव्हता, दुसरा मार्गच उरला नव्हता. असा निर्णय धुराचे परिणाम तोलून, आधी लिहून ठेवलेल्या निकषांवर घ्यायचा असतो. आगीसमोर उभे राहून तो नीट घेता येत नाही.

जागा आणि पैसा हा आक्षेप लहान उद्योजकांकडून येतो आणि त्यात तथ्य आहे. हजार-दोन हजार चौरस मीटरच्या भूखंडावर रिअॅक्टर, गोदाम, बॉयलर आणि ईटीपी बसवल्यावर तळ्याला जागा उरत नाही. पण इथे एक विसंगती आहे. मानकांप्रमाणे मोठ्या तेल आणि पेट्रोकेमिकल साठ्यांना चार तास पुरेल इतके अग्निशमनाचे पाणी साठवून ठेवावे लागते. ताशी ४१० घनमीटरचा एक पंप चार तास चालला तर १,६४० घनमीटर पाणी लागते, आणि तेवढी टाकी बांधली जाते. त्या टाकीसाठी जागा मिळते, पैसा मिळतो, तपासणी होते. तेच पाणी टाकीतून बाहेर पडून रसायनात मिसळल्यावर कुठे थांबेल, याचा आकडा मात्र आराखड्यात नसतो. येणाऱ्या पाण्याचा आकडा ठाऊक असताना जाणाऱ्या पाण्याचा आकडा काढणे कठीण नाही.

आणि त्या आकड्यासाठी प्रत्येक वेळी खोदलेले तळेच लागते असे नाही. हजार चौरस मीटरच्या गोदामाच्या दाराशी १५ सेंटिमीटर उंचीचा उतरता उंबरा केला, फरशी आणि भिंतीचे सांधे गळणार नाहीत असे भरले, तर त्या गोदामातच १५० घनमीटर पाणी थांबते. फोर्कलिफ्ट उतारावरून जाऊ शकते. आवाराच्या कडेला कट्टा, अंतर्गत रस्त्यावर वरंबा, उतरत्या आवाराच्या खालच्या कोपऱ्यात गेट, या सगळ्यांची क्षमता मोजून बेरीज करता येते. जर्मनीने श्वाइत्सरहालनंतर १९९२ मध्ये आग विझवण्याचे पाणी अडवण्याविषयी जी मार्गदर्शक नियमावली केली, तिच्यात एक शहाणपणाची तरतूद होती: धूर लवकर ओळखणारी यंत्रणा, स्वयंचलित स्प्रिंकलर आणि कारखान्याचे स्वतःचे अग्निशमन दल असेल तर अडवायच्या पाण्याचे प्रमाण कमी धरता येत असे. कारण आग लहान असताना विझली की पाणी कमी लागते. म्हणजे लहान भूखंडावरही मार्ग आहे: साठा विभागून ठेवणे, विभागांमध्ये आगरोधक भिंती घालणे, पाण्यात विषारी ठरणारा माल वेगळा ठेवणे. बन्सफील्डमध्ये वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे दीड कोटी लिटर पाणी गोळा करून पुन्हा वापरलेले होते. थंड करण्यासाठी पाणी फिरवून वापरणे काळजीपूर्वक केले तर एकूण प्रमाण आणखी उतरते.

तरीही जिथे एकट्याने होणार नाही, तिथे ते वसाहतीने करायचे असते. सीईटीपी जसे सामायिक आहे, तसे पावसाळी नाल्यांच्या तोंडाशी सामायिक गेट आणि एक रिकामे ठेवलेले तळे औद्योगिक विकास महामंडळाने वसाहतीसाठी बांधणे पूर्णपणे शक्य आहे. अनेक वसाहतींत कारखान्यांचे परस्पर साहाय्य गट आधीपासून आहेत, ते आगीच्या वेळी एकमेकांना फोम आणि पंप देतात. नाल्याचे गेट कोण बंद करील आणि पाणी कोणत्या पंपाने तळ्यात जाईल, हे त्याच गटाला ठरवता येते. कोकणातल्या वसाहतींना नद्या इतक्या जवळ आहेत, की तिथे हा खर्च ऐच्छिक मानणे चूक आहे.

पावसाचा प्रश्न सगळ्यांत तांत्रिक आणि आपल्याकडे सगळ्यांत खरा. फ्रान्समधली आकडेमोडीची पद्धत अग्निशमनाच्या पाण्यात दोन गोष्टी मिळवते: साठवलेल्या द्रवांच्या आकारमानाचा २० टक्के भाग, आणि निचरा होणाऱ्या क्षेत्रावर १० मिलिमीटर पाऊस. एका हेक्टरवर १० मिलिमीटर म्हणजे १०० घनमीटर. रायगड-रत्नागिरीत जुलैमध्ये काही तासांत १०० मिलिमीटर पाऊस नवा नाही, आणि तेवढा झाला तर त्याच हेक्टरवर १,००० घनमीटर पाणी येते. परदेशी सूत्र जसेच्या तसे उचलले तर आपले तळे पहिल्याच पावसाळी आगीत ओसंडेल. म्हणून आपल्याकडे क्षेत्र छाटावे लागते. धोकादायक साठ्यावर छप्पर, छपराचे पाणी वेगळ्या नळाने बाहेर, आणि अडवायच्या आवाराची हद्द शक्य तितकी लहान. तळ्यात साचलेले पावसाचे पाणी रोज तपासून काढून टाकणे ही पावसाळ्यातली नित्याची कामगिरी व्हायला हवी, कारण भरलेले तळे आगीच्या रात्री उपयोगाचे नसते.

उरतो कायद्याचा आधार. ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये घातक उद्योगांवर निरपवाद जबाबदारीचे तत्त्व घातले. जलप्रदूषण कायद्याचे कलम ३१ अपघाती विसर्गाची माहिती प्रदूषण नियंत्रण मंडळाला तातडीने देण्याचे बंधन घालते. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याचे कलम ९ तर अशा अपघातात प्रदूषण रोखण्याची किंवा कमी करण्याचीच जबाबदारी टाकते. यावरून भरपाई मिळेल हे खरे धरले तरी तिची मर्यादा स्पष्ट आहे. नदीत गेलेले पाणी दुसऱ्या दिवशी तिथे नसते. मेलेल्या माशाचा आणि आटलेल्या कमाईचा संबंध कोणत्या कारखान्याच्या कोणत्या रसायनाशी होता, हे सिद्ध करण्याचा भार प्रत्यक्षात खाडीकाठच्या माणसावर येऊन पडतो, आणि त्याच्याकडे नमुन्याची एक बाटलीही नसते. अडवलेल्या पाण्याचा नमुना घेता येतो, मोजता येतो, न्यायालयात ठेवता येतो. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपविषयक आर्थिक आयोगाने २०१९ मध्ये आग विझवण्याच्या पाण्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांचा भर म्हणूनच पाणी साठवण्यावर आहे. आपल्या १९८९ च्या नियमांतल्या आपत्कालीन आराखड्यात अडवायच्या पाण्याचे आकारमान, त्याची जागा आणि जबाबदार व्यक्ती लिहिणे बंधनकारक करायला फार मोठी दुरुस्ती लागत नाही.

आग विझल्यावरचे काम आठवड्यांचे असते. तळ्यातल्या पाण्यावर तेलाचा थर, मध्ये विरघळलेली रसायने आणि तळाशी राखेचा गाळ, असे थर पडतात. तिन्हींचे नमुने वेगळे घ्यावे लागतात. आम्लता, सीओडी, द्रावके, जड धातू, आणि गोदामात जे जे होते त्या प्रत्येकाची चाचणी करावी लागते. त्यासाठी साठ्याची अद्ययावत यादी कारखान्याच्या बाहेर, अग्निशमन दलाकडे आणि मंडळाकडे, आधीपासून असावी लागते, कारण आवारातली यादी बहुधा जळालेली असते. सोसेल तेवढे पाणी थोडे थोडे सीईटीपीला द्यायचे. जे तिथे सोसणार नाही, ते घातक कचरा म्हणून परवानाधारक प्रक्रिया केंद्राकडे टँकरने न्यायचे, प्रत्येक खेपेच्या नोंदीसह. गाळ आणि तळे धुतलेले पाणीही याच हिशोबात येते. आणि कारखाना पुन्हा सुरू करण्याची परवानगी तळे पूर्ण रिकामे होऊन गेट तपासल्यानंतरच द्यायची, कारण अर्धवट जळालेल्या कारखान्यात दुसरी आग लागण्याचा धोका त्या आठवड्यांतही असतो.